किल्ली देताना

सिलास, ही घे.
पितळी आहे, दात झिजलेत,
फिरवताना दार थोडं आपल्याकडे ओढावं लागतं.
अकरा वर्षांत मला जे कळलं
तेही एवढंच आहे, मुठीत मावणारं.

घाला म्हणतात ह्या वस्तीला.
मस्कतला नवा होतो तेव्हा नावाचं हसू यायचं:
खुर्च्या घाला, सतरंज्या घाला, पेटीत दान घाला,
आणि सगळं घालून झालं की
पावणेपाचाला आवरा.
पाचला तेलुगू मंडळी येते.
बाहेर उभी असते, भिंतीच्या बोटभर सावलीत,
तान्ही पोरं पदराखाली.
पाळकसाहेबांचा उपदेश कितीही रंगात येवो,
तू मागच्या रांगेतून उठून उभा राहा.
त्यांना कळतं.
नाही कळलं तर एसी बंद कर.

दान मोजायला दोघं हवेत,
आणि ते एकमेकांचे मेहुणे नकोत.
(का, ते पगारेंना विचारू नकोस.)
शंभर बैशांची चुरगळलेली नोट निघाली
तर हाताने सरळ कर, सावकाश.
कुणाची ते ओळखायला जाऊ नकोस.

ओहोळांचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे.
कंपनी बुडालेली, चार महिने पगार नाही,
रुसैलच्या कॅम्पात एका खोलीत आठ जण.
मी पंचांची सभा बोलावली.
सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक सात.
माझं अक्षर त्या पानावर फार सुरेख आलंय.
शाई वाळायच्या आत
सलोमीबाई टॅक्सीने जाऊन आल्या होत्या:
तांदूळ, तूरडाळ, कांदे,
आणि एका पोराच्या दाढेसाठी गोळ्या.
लोकांच्या घरी लाद्या पुसतात त्या. पंच नाहीत.
त्यांना सभेला बोलवावं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.
मी म्हटलं, बाई, आधी सांगायचं तरी.
"सांगत बसले असते तर दुकान बंद झालं असतं."
इतिवृत्तात हे वाक्य नाही.
समासात आहे, पेन्सिलीने. नंतर लिहिलं.

आणि गेल्या जुलैतला तो शुक्रवार.
मला मुतखडा. दुपारचे अडीच.
किल्ली पँटच्या खिशात, पँट इस्पितळाच्या पिशवीत,
पिशवी कुठे, ते बायकोलाही ठाऊक नाही.
सत्तर माणसं गाड्या लावतात तिथे उभी,
पेटी आत, ढोलक आत, पुस्तकं आत.
तरी गायली म्हणे.
पाठ होतं तेवढं शब्दांनी,
पुढचं नुसत्या चालीवर.
पाचला तेलुगूही येऊन उभे राहिले.
दोन भाषा, एक कुलूप.
भिंगारदिव्यांचा फोन आला:
तुमच्यावाचून सगळं अडलं हो, साहेब.

खरं सांगतो, सिलास.
सलाइनच्या हाताने फोन खाली ठेवताना
मला बरं वाटलं.
खडा कापत होता, आणि मला बरं वाटत होतं.
रात्री कळ उतरली.
मग ते बरं वाटणंच तेवढं उरलं अंथरुणात,
माझ्या शेजारी, जागं.

रुवीत तीन किल्ल्या पाडून आणल्यात.
एक सलोमीबाईंना दिली.
एक तेलुगू मंडळीच्या प्रकाशमला.
तिसरी कुणाला द्यायची ते तू ठरव, मला विचारू नकोस.
पगारे रागावलेत.
त्यांच्या घरी जा, चहा घे,
माझी बाजू मांडू नकोस.

पुढच्या शुक्रवारी येईन. मागे बसेन.
दार अडेल, तुला घाम फुटेल,
मी अर्धा उठेनही बहुतेक सवयीने.
तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.
आपल्याकडे ओढायचं,
नाही, सांगितलंय एकदा.